कागद खरा, गाडी चोरीची

व्यापारी माणूस नफ्याची गोष्ट चारचौघांत सांगतो आणि नुकसानीची गोष्ट घरच्यांपासूनही लपवतो. आम्हीही तेच केले असते. परंतु अलीकडे आमच्या बाजारातील दोघा ओळखीच्यांनी जुनी गाडी घेण्याबाबत आमच्याकडे विचारणा केली. दोघेही नेमकी तीच चूक करायला निघाले होते जी आम्ही २०२२ साली केली होती. तेव्हा ठरवले की लाज बाजूला ठेवून सारा प्रकार लिहून काढावा. एकाही भावाचा पैसा आणि अब्रू यामुळे वाचली तर आमचे नुकसान कारणी लागले असे समजू.

थोडक्यात सांगायचे तर, आम्ही रीतसर विकत घेतलेली, आमच्या नावावर चढलेली, सोळा महिने आमच्या दारात उभी असलेली गाडी डिसेंबर २०२३ मध्ये पोलिसांनी जप्त करून नेली. गाडी चोरीची होती. आम्हाला ते ठाऊक नव्हते. पण "ठाऊक नव्हते" हे म्हणणे सोपे आणि सिद्ध करणे किती अवघड, हे त्यानंतर कळले.

व्यवहार कसा झाला

आमचा धंदा मालेगावात कोऱ्या कापडाचा. विणकरांकडून माल घ्यायचा आणि रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली, बालोतरा या बाजारांकडे पाठवायचा. घरात माणसे वाढली होती, शिवाय नमुन्याचे ताके घेऊन नाशिक, धुळे अशा फेऱ्या होत. म्हणून सात आसनी जुनी गाडी पाहू लागलो. आमच्या मेहुण्यांच्या ओळखीने शेजारच्या जिल्ह्यातील एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे पांढरी डिझेल एर्टिगा दिसली. आर. सी. बुकावर साल २०१६. गाडी मात्र तिच्या वयापेक्षा तरुण दिसत होती. आम्ही खूष झालो. खरे तर तेथेच थांबून विचार करायला हवा होता.

सौदा ५,६०,००० रुपयांना ठरला. बाजारभावापेक्षा थोडा कमी, पण डोळ्यात भरावा इतका कमी नव्हे. १,५०,००० चा चेक दिला. बाकीचे ४,१०,००० रोख मागितले गेले. आदल्या दिवशी बँकेतून अडीच लाख काढले आणि एक लाख साठ हजार दुकानातील शिलकीतून घेतले. पैसे मोजताना मेहुणे आणि आमचे मुनीम असे दोघे हजर होते.

मग शंभर रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा झाला. त्यात किंमत लिहिली दीड लाख. व्यापारी म्हणाला, "शेठ, कागदावर चेकची रक्कम तेवढी दाखवू, मला हिशेबाला सोयीचे पडते." यात आमचा एका पैशाचाही फायदा नव्हता. केवळ मुरव्वतीपायी आम्ही मान डोलावली आणि सही केली. मेहुण्यांच्या ओळखीचा माणूस, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? ही मुरव्वत पुढे किती महाग पडली ते येईलच.

फॉर्म २९ आणि ३० भरले, फी भरली, महिन्याभरात आर. सी. आमच्या नावावर आली. विमा आमच्या नावावर झाला. आम्ही बिसमिल्लाह करून गाडी वापरू लागलो.

सोमवारचा फोन

डिसेंबर २०२३ मधील एका सोमवारी दुपारी त्या व्यापाऱ्याच्या माणसाचा फोन आला. आवाज घाबरलेला होता. म्हणाला, "शेठ, एका टोळीला पोलिसांनी पकडले आहे. त्यात तुमच्या गाडीचा नंबर आला आहे म्हणतात. गाडी काही दिवस बाजूला ठेवा. मी दुसरे गिऱ्हाईक पाहतो, चार लाख तरी सुटतील."

फोन ठेवला तेव्हा हात थरथरत होते. घरात मसलत झाली. एक नातेवाईक म्हणाले, गाडी शेतावर नेऊन ठेवा, कुणाला दिसणार नाही. थोरला मुलगा म्हणाला, "अब्बा, आपण तर फसलोच आहोत. चार लाख मिळत असतील तर घ्या आणि मोकळे व्हा. पुढचा माणूस पाहून घेईल."

मुलाचे बोलणे आम्हाला क्षणभर पटले, हे खोटे कशाला बोला? साडेपाच लाख म्हणजे आमच्यासारख्याला लहान रक्कम नाही. पण रात्री इशाच्या नमाजनंतर एक गोष्ट स्वच्छ दिसली. दुपारपर्यंत आम्ही फसवले गेलेले होतो. आता जाणूनबुजून ती गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारली तर आम्ही फसवणारे होऊ. दुकानात ताक्यामध्ये एक दोष निघाला तर आम्ही विणकराला परत पाठवतो, आणि येथे अख्खी गाडी चोरीची म्हणून कळल्यावर ती विकायची? मुलाला तसे सांगितले. तो गप्प झाला. गाडी दारातच राहिली.

कायद्याच्या नजरेनेही तोच क्षण निर्णायक होता. चोरीचा माल बाळगण्याचा गुन्हा तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण हा गुन्हा तेव्हाच होतो जेव्हा माल चोरीचा आहे हे माणसाला ठाऊक असते, किंवा तसे समजण्यास पुरेसे कारण असते, आणि तरीही तो अप्रामाणिकपणे माल घेतो किंवा ठेवतो. फोन येण्याआधी आम्ही निर्दोष होतो. फोननंतर गाडी लपवली किंवा विकली असती तर निर्दोष राहिलो नसतो.

मात्र एक चूक झालीच. त्याच सोमवारी किंवा मंगळवारी वकील घेऊन आपण होऊन पोलिसांकडे जायला हवे होते. भीतीपोटी दोन दिवस घालवले. आमच्या शहरात ठाण्याची पायरी चढायची म्हटली की भल्या माणसाचेही पाय जड होतात. गुरुवारी सकाळी पोलीसच दुकानात आले.

जप्ती आणि जबाब

दुसऱ्या जिल्ह्याचे पथक होते, सोबत स्थानिक ठाण्याचा शिपाई. बोलणे सभ्य होते. गाडी दाखवली, किल्ल्या दिल्या, कागदाची फाईल समोर ठेवली. त्यांनी बॉनेट उघडले, चेसिस नंबराभोवतीचा रंग खरवडला आणि आम्हाला जवळ बोलावले. नंबराच्या चौकटीभोवती वेल्डिंगची बारीक रेघ होती. सोळा महिने गाडी वापरूनही आम्ही ती जागा कधी पाहिली नव्हती. एका हवालदाराने सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून तळाशी शिवलेली चिठ्ठी दाखवली. तिच्यावर साल होते २०१८. आर. सी. वर २०१६. दोन वर्षे नंतर बनलेला पट्टा आधीच्या गाडीत कसा?

पंचनामा मराठीत लिहिला गेला. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, मराठी बोलतो-लिहितो, पण घाईच्या हस्ताक्षरातील सरकारी मराठी वाचताना अडखळतो. आम्ही म्हणालो, साहेब, वाचून दाखवा, मग सही करतो. त्यांनी वाचून दाखवला. गाडीत आमचे नमुन्याचे सहा ताके होते, त्यांची नोंद राहिली होती, ती करून घेतली. पंचनाम्याची प्रतही मागून घेतली.

दोन दिवसांनी त्या जिल्ह्यात जबाबासाठी बोलावले. तेथे अधिकाऱ्याने तो मुद्रांक पुढे केला आणि विचारले, "शेठ, सहा लाखांची गाडी दीड लाखात मिळते आणि तुम्हाला काहीच वाटले नाही?"

आमच्या तोंडचे पाणी पळाले. इतक्या कमी किमतीत घेतलेली गाडी म्हणजे "चोरीची आहे असे समजण्यास कारण होते" याचा आयता पुरावा, आणि तो आमच्याच सहीचा! आम्ही सांगितले की खरे पैसे पाच लाख साठ हजार दिले. ते म्हणाले, पुरावा काय?

पुरावा होता आमचा रोजमेळ. वालिदसाहेबांची शिकवण अशी की दिवसाचा हिशेब त्याच रात्री लिहायचा आणि जे घडले तेच लिहायचे. त्याप्रमाणे त्या तारखेला गाडीखाती चेक दीड लाख, रोख चार लाख दहा हजार, बँकेतून आणलेले किती, शिलकीतून किती, कोणासमोर दिले, हे सर्व लिहिले होते. पण रोजमेळ आम्ही उर्दूत लिहितो. ठाण्यात वाचणारा कोणी नव्हता. अखेर तेथील एका उर्दू शाळेच्या मास्तरांना बोलावले. त्यांनी पान वाचून मराठीत सांगितले. अडीच लाखांची नोंद बँकेच्या पासबुकाशी जुळली. मुनीम आणि मेहुण्यांचे जबाब जुळले. सोमवारच्या फोनचा नंबर आम्ही स्वतःहून दिला.

"फोन आला तेव्हाच का आला नाहीत?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. तरीही आमचे नाव आरोपींत न जाता साक्षीदारांत गेले. अल्हम्दुलिल्लाह. वाचकांनी लक्षात घ्यावे, मुद्रांकावरच्या खोट्या किमतीने आम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत नेले होते आणि वहीतल्या खऱ्या नोंदीने परत आणले.

कागद खरा असून गाडी चोरीची कशी?

हा प्रश्न आम्हाला सर्वांनी विचारला. आर. टी. ओ. च्या नोंदीत सर्व बरोबर होते, मग चोरी कशी? उत्तर असे. अपघातात एखादी गाडी पूर्ण चेपली की विमा कंपनी मालकाला भरपाई देते आणि सांगाडा भंगाराच्या भावाने विकते. सांगाड्यासोबत त्याचे खरे आर. सी. बुकही बाहेर जाते. टोळी असा सांगाडा घेते तो लोखंडासाठी नव्हे, तर त्या कागदासाठी. मग त्याच कंपनीची, त्याच प्रकारची, त्याच रंगाची गाडी चोरायची. तिचा चेसिस नंबर कापून किंवा घासून सांगाड्याचा नंबर बसवायचा, इंजिनचा नंबरही तसाच बदलायचा. झाली नवी गाडी. कागद अस्सल, नंबर अस्सल, फक्त त्या नंबराखालचे लोखंड दुसऱ्याचे.

म्हणूनच मोबाईलवर गाडीचा नंबर टाकून पाहिला तर सर्व हिरवे दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' नावाची सोय आहे. तेथे गाडीचा, चेसिसचा किंवा इंजिनचा नंबर देऊन ती गाडी पोलिसांच्या चोरीच्या नोंदीत आहे काय हे पाहता येते. ही तपासणी जरूर करावी, साधी चोरीची गाडी तिने पकडली जाते. पण नंबर बदललेली गाडी तिच्यातूनही स्वच्छ बाहेर पडते, कारण तुम्ही विचारता तो नंबर चोरीचा नसतोच. घासलेला मूळ नंबर तज्ज्ञ लोक रसायन लावून पुन्हा उमटवतात. आमच्या गाडीचाही तसाच सापडला.

सर्वांत दुःखाची गोष्ट पुढे आहे. जप्तीनंतर फाईल चाळताना जुन्या विम्याची एक झेरॉक्स मिळाली. तिच्यावर पहिल्या मालकाचा मोबाईल नंबर होता. फोन लावला. ते म्हणाले, "ती गाडी? ती तर २०१९ साली ट्रकखाली गेली. विमा कंपनीने भंगारात काढली." एका फोनचे काम होते. सोळा महिने तो नंबर आमच्या कपाटात पडून होता.

बाजारातील पत

गाडी गेली गुरुवारी. दुसऱ्या दिवशी जुमा, लूम बंद. नमाजनंतर मशिदीबाहेर बातमी फिरली, आणि फिरता फिरता "गाडी पकडली" याचे "शेठला पकडले" झाले. शनिवारी दोन विणकर भाऊ आले. महिन्याच्या मुदतीचा माल आता रोखीने देऊ म्हणाले. वीस वर्षांचे संबंध असलेली माणसे. त्यांचा राग आला नाही. त्यांच्या घरची चूल त्या पैशावर पेटते, बुडणाऱ्या व्यापाऱ्याला ते उधार कसे देतील? आमच्या धंद्यात भांडवलापेक्षा शब्द मोठा. तो हलला की गाडीच्या किमतीपेक्षा जास्त नुकसान होते.

आम्ही पंचनाम्याची आणि साक्षीदार म्हणून आलेल्या नोटिसीची प्रत पेढीवर ठेवली. जो विचारील त्याला दाखवली, जो विचारीत नव्हता त्यालाही दाखवली. दोन महिन्यांनी उधारी पूर्ववत सुरू झाली. अशा वेळी तोंड लपवू नये. तोंड लपवणाऱ्याबद्दल लोक नसलेली गोष्टही खरी मानतात.

गाडी कोणाची?

२०२४ च्या सुरुवातीला वकीलसाहेबांनी सांगितले की खटला संपेपर्यंत गाडी ताब्यात मिळावी म्हणून आम्हीही कोर्टात अर्ज करू शकतो. आर. सी. आमच्या नावाची, पैसे दिल्याचा पुरावा आहे, प्रयत्न करून पाहू. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सांगितले आहे की जप्त वाहने ठाण्यात सडत ठेवू नयेत, पंचनामा व फोटो करून हमीपत्रावर योग्य माणसाकडे सोपवावीत. आता नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ४९७ आणि ५०३ याच कामासाठी आहेत.

पण वकीलसाहेबांनी दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली. १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम २७ म्हणते की विकणाऱ्याकडे जितका हक्क आहे त्यापेक्षा जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडे हक्क शून्य, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्याचा, मग त्याच्याकडून घेणाऱ्याचाही शून्य. मधे कितीही हात बदलले आणि कितीही पैसे मोजले तरी फरक पडत नाही. त्याच कायद्याचे कलम १४ मात्र आपल्या बाजूचे आहे. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे ही अट प्रत्येक विक्रीत गृहीत असते, ती मोडली तर पैसे परत मागता येतात. म्हणजे गाडी मूळ मालकाची, आणि आपले भांडण विकणाऱ्याशी.

आम्ही मुफ्तीसाहेबांनाही विचारले. त्यांनी सांगितले की फिकहमध्ये याला इस्तिहकाक म्हणतात. विकलेली वस्तू तिसऱ्याच्या मालकीची निघाली तर वस्तू मालकाकडे जाते आणि घेणारा आपली किंमत विकणाऱ्याकडून वसूल करतो. इतकेच नव्हे तर हनफी फिकहमध्ये जमान-ए-दरक नावाची हमी आहे. उद्या या वस्तूचा खरा मालक निघाला तर किंमत परत करण्यास मी जबाबदार, असे एखादा जामीनदार घेणाऱ्याला लिहून देतो. शेकडो वर्षांपूर्वी आपल्या फकीहांनी या धोक्याचा विचार करून ठेवला होता, आणि आम्ही साध्या ओळखीवर साडेपाच लाख देऊन बसलो!

मूळ मालक आम्हाला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटले. एस. टी. तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. निवृत्तीच्या पैशात बँकेचे कर्ज घालून मुलाला धंद्यासाठी गाडी घेऊन दिली होती. २०२० साली ती घरासमोरून गेली. दोनपैकी एक किल्ली हरवलेली असल्याने विमा कंपनीने भरपाई अडवली. गाडी नाही, भरपाई नाही, आणि हप्ते मात्र चालू. आम्हाला पाहून ते म्हणाले, "दादा, तुम्ही हरकत घेणार का? आमचे वकील म्हणतात, तुम्ही हरकत घेतली तर अजून वर्ष जाईल."

आमच्या डोक्यात साडेपाच लाखांचा हिशेब होताच. हरकत घेतली असती तर त्यांच्यावर दबाव आला असता, कदाचित त्यांनी काही रक्कमही देऊ केली असती. तसे करणारे करतात. पण ज्या गाडीवर आमचा हक्क नाही हे कायदा आणि शरियत दोघांनी सांगितले, तिच्यासाठी त्या माणसाला आणखी एक वर्ष हप्ते भरायला लावायचे? आम्ही वकीलसाहेबांना सांगितले, ना हरकत लिहून द्या. गाडी त्यांना मिळाली. त्यांनी आमचे सहा ताके पोत्यात नीट बांधून एस. टी. पार्सलने पाठवले.

येथे एक खुलासा. मूळ मालकाला विम्याची भरपाई आधीच मिळाली असेल तर अशा गाडीवर बहुधा विमा कंपनी हक्क सांगते. दोन्ही परिस्थितीत घेणाऱ्याच्या हाती गाडी राहत नाही. आपला स्वतःचा विमाही कामाला येत नाही. तो गाडी चोरीला गेली तर पैसे देतो, चोरीची निघाली तर नाही.

पैशाचे काय झाले

वकिलामार्फत नोटीस दिल्यावर त्या व्यापाऱ्याने चेकने घेतलेले दीड लाख २०२४ मध्ये तीन हप्त्यांत परत केले. रोख चार लाख दहा हजारांबद्दल तो मुद्रांक दाखवतो आणि म्हणतो, किंमतच दीड लाख होती. त्यासाठी दिवाणी दावा चालू आहे. पैसे वसुलीच्या अशा दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून विलंब करू नये.

आणखी एक तरतूद आहे जी फार थोड्यांना ठाऊक असते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४५३ होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९९. आरोपीला अटक करताना त्याच्याजवळ पैसे सापडले असतील आणि तो दोषी ठरला, तर माल मालकाला परत केल्यावर, न कळत माल घेतलेल्या माणसाने अर्ज केल्यास, कोर्ट त्या पैशातून त्याने दिलेल्या किमतीपर्यंतची रक्कम त्याला देवू शकते. आमचा खटला अजून चालू आहे. उमेद अल्लाहवर.

जुनी गाडी घेताना

आता आमच्या ठेचेतून निघालेल्या काही गोष्टी.

१) फाईलमधील प्रत्येक जुन्या मालकाला फोन करा. गाडी का विकली, कधी अपघात झाला काय, विम्याचा मोठा दावा झाला काय, हे विचारा.

२) गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. चेसिस नंबरावरून जुन्या सर्व्हिसिंगची नोंद काढा. नव्या गाड्यांच्या संगणकात चेसिस नंबर साठवलेला असतो, तो मशीन लावून वाचता येतो. आर. सी. शी जुळवा. विकणारा यास तयार नसेल तर तेथूनच परत या.

३) चेसिस नंबराभोवती ताजा रंग, वेल्डिंग, वेडेवाकडे आकडे दिसतात काय पाहा. सीटबेल्टच्या चिठ्ठीवरील आणि काचांवरील साल पाहा. एखादी काच बदललेली असू शकते. सर्वच नवे असेल तर शंका घ्या.

४) दोन्ही किल्ल्या आणि गाडीचे मूळ बिल मागा.

५) जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून केंद्राचे नियम लागू आहेत. त्याने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यायचे असते. ते दाखवा म्हणावे.

६) पूर्ण रक्कम बँकेतून द्या आणि पूर्ण रक्कम कागदावर लिहा. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणे एप्रिल २०१७ पासून कायद्याने मना आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा, घेणाऱ्याला. म्हणजे "मला अडचण आहे" म्हणणाऱ्यालाच ते आपण सांगू शकतो.

७) करारनाम्यात एक ओळ घाला: गाडी चोरीची किंवा दुसऱ्याच्या मालकीची निघाल्यास पूर्ण किंमत परत करीन. शक्य असल्यास त्यावर जामीनदाराची सही घ्या.

आणि इतके करूनही पोलीस आलेच तर गाडी लपवू नका, विकू नका. जप्तीची कारवाई आता चित्रित करणे कायद्याने आवश्यक आहे. पंचनामा वाचून घ्या, प्रत मागा, वकील सोबत ठेवा. शिवाय आर. टी. ओ. ला लेखी कळवा, नाहीतर नसलेल्या गाडीची जबाबदारी तुमच्या नावावर राहते.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत अल्लाहने मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद केली आहे. हातोहात व्यवहारात न लिहिण्याची सवलत दिली, पण तेथेही सौदा करताना साक्षीदार ठेवा असेच सांगितले. ही आयत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ताक्याच्या हिशेबात ती पाळतो, मग गाडी घेताना, लग्नाचा हॉल ठरवताना, भावाला पैसे देताना मुरव्वत आडवी येते. लिहून मागणे म्हणजे समोरच्यावर संशय घेणे नव्हे. ज्याची नियत साफ आहे त्याला लिहून देण्यात कमीपणा वाटत नाही, असा आमचा तरी अनुभव आहे.

सध्या आमच्या दारात गाडी नाही. नमुन्याचे ताके पुन्हा एस. टी. ने जातात. थोरला मुलगा परवा एक जुनी गाडी पाहून आला. घरी येऊन पहिली गोष्ट सांगितली ती किंमत नव्हे. म्हणाला, "अब्बा, पहिल्या मालकाशी बोलून आलो." अल्लाह आपणा सर्वांच्या कमाईत बरकत देवो आणि दुसऱ्याच्या हक्कापासून आपले हात सुरक्षित ठेवो. आमीन.